पाण्याच्या ड्रमापाशी बसवलेलं प्यादं

दुसरबीडच्या देवानंदनं बुद्धिबळाच्या जिल्हा स्पर्धेतून कप आणला, अन् पुढचा सारा घोळ त्या कपानं केला. बुलडाण्याहून एसटीनं आला गडी, कप मांडीवर घेऊन, जसं काही लेकरूच. फाट्यावर किसनराव उभे होते.

"बे देवानंद, लाकडाचे मोहरे इतके चांगले चालवतो, मंग माह्या नेटमधल्या बाया काऊन नाही चालवत? उद्यापासून तू सुपरवायझर."

किसनराव म्हणजे मोठे वावरवाले. रोडच्या कडेले त्याईचं शेडनेट. हिरव्या कापडाचा मांडवच म्हणा ना. आत मिरची, पण खाची नाही, बियाची. काम लय नाजूक. दुपारी बायाईनं कळी उघडून चिमट्यानं तिच्यातला नर काढाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीले दुसऱ्या झाडाचा पराग लावाचा अन् खूण म्हणून लाल दोरा बांधाचा. सकाळ हुकली का कळी वाया. फूल कोणासाठी थांबत नाही.

देवानंद आतापर्यंत तठी फवारे मारे, झाडं बांधे. आता एकदम बायाइचा साहेब झाला. अन् त्या बायाइत त्याचीच बायको, सुवर्णा.

"घरी तुमचं ऐकूच राह्यली," ती पहिल्याच दिवशी सगळ्यासमोर म्हणाली, "आता इथंबी ऐकू का?"

"घरी कोण ऐकते वो?" देवानंद म्हणाला, अन् अख्खं नेट हासलं.

पण गड्यानं काम मनावर घेतलं. घरी पट मांडून बसला. सिंधूताई गँगची मुकादम, हात मशीनसारखा, ती वजीर. तरण्या पोरी घोडे. फास्ट बाया मधी, हळू बाया कडेले. जिथं फूल जास्त तिथं जोर जास्त. पहिले काही दिवस डाव असा जमला का किसनराव रोडवर दिसंल त्याले सांगत, "माह्या सुपरवायझरचं डोकं पाहा!" देवानंदची कॉलर टाईट.

डाव अडला तो गोजरबाईपाशी. तिच्या हातापेक्षा तोंड जोऱ्यात. एक कळी झाली का एक गोष्ट. कोणाच्या जावयानं वरणात साखर मांगतली, कोणाची बकरी पंचायतीत जाऊन बसली. देवानंदनं दोन दिवस पाह्यलं अन् मनात म्हटलं, एक प्यादं देऊन डाव भेटत असंल, तर शहाण्यानं देऊन टाकावं. स्पर्धेत तो असाच जिंकला होता.

"मावशी," तो म्हणाला, "तुमी आता दाराबाहेर ड्रमाजवळ बसत जा. सावली हाये. फक्त पाणी द्याचं."

गोजरबाईनं चिमटा सुवर्णाच्या हाती देला, पदरानं हात पुसले, अन् एक शब्द न बोलता स्टुलावर जाऊन बसली. ती एक शब्द न बोलता गेली, हे त्याच्या ध्यानात यायले पाह्यजे होतं. नाही आलं.

त्या दिवशी नेटमधल्या बायायले अशी तहान लागली का इचारू नका. आधी मनकर्णाबाई उठली. मंग दोघी पोरी. मंग सिंधूताई सोता. ड्रमापाशी हे रांग! पाणी घोटभर अन् गोष्ट गिलासभर. आतमधल्या ओळी मोकळ्या, अन् ज्या बसेल होत्या त्या मुक्याच्या मुक्या. गोष्ट नाही, तर ऊन त्यायलेच जास्त लागून राह्यलं होतं.

देवानंदनं दुसरी चाल खेळली. "पाणी आता सुट्टीतच भेटंल. मधात कोणी उठाचं नाही."

सिंधूताईनं चिमटा खाली ठेवला. "देवानंदभाऊ, गोजरमावशीले तिच्या ओळीत बसवा. मिटलं."

"नाही जमत."

"काऊन नाही जमत?"

"सिंधूताई, खेळाचा नियम हाये. मोहऱ्याले हात लागला का तोच खेळाचा. मी जिंदगीत चाल मांगं नाही घेतली."

"मंग खेळा एकटेच," सिंधूताई म्हणाली अन् उठली. तिच्यामांगं साऱ्या उठल्या. सुवर्णा सगळ्यात मांगून निघाली. त्याच्यापाशी थांबली, त्याचा गळ्यातला रुमाल नीट केला, अन् तीबी गेली.

देवानंद एकटा उरला. समोर दुपारभर नर काढेल कळ्या. उद्या सकाळी त्यायले पराग नाही लागला, तर सारं मातीत. अन् सुपरवायझरकीचं जाऊ द्या, ज्या बायाइच्या हातचं तो लहानपणापासून खाऊन राह्यला, त्याच तोंड फिरवून गेल्या होत्या.

स्पर्धेत त्याची एक सवय होती. डाव अडला का तो खुर्चीवरून उठे अन् गपचूप समोरच्याच्या मांगं जाऊन उभा राहे. तिकडून पट पाह्यला का जे आपल्याकडून दिसत नाही ते दिसते. आज नेटमधी फिरता फिरता तो बाहेर ड्रमापाशी आला अन् स्टुलावर बसला. समोर पाह्यलं. हिरवं कापड. बस. ना झाड दिसे, ना माणूस. आत कोणी हासलं असतं, तर इथं निस्ता आवाज आला असता, कायचं हासून राह्यले ते समजलंच नसतं. सावली मातर खरंच होती. जनावरालेबी आपण सावलीत बांधतोच.

तो तसाच उठला अन् वस्तीत गेला.

गोजरबाईच्या अंगणात सारी गँग चहा पेत बसेल होती. सुवर्णाबी. त्याले पाहून कोणी सरकलं नाही.

"जयभीम मावशी," तो उभ्यानंच म्हणाला. "माही चाल चुकली. मांगं घेतो."

"जोऱ्यात सांगा साहेब," सिंधूताई म्हणाली, "पलीकडच्या गल्लीत ऐकू नाही गेलं."

सुवर्णानं पदर तोंडात कोंबला.

"मांगं घेतो म्हणजे?" गोजरबाई म्हणाली. "मी का लाकडाची हावो? तुह्या मनानं उचललं, तुह्या मनानं ठेवलं. मले इचारलं का?"

देवानंदले आठवलं, खरंच, त्यानं कोणालेच काही इचारलं नव्हतं. मोहरे कुठी इचारा लागतात!

"मावशी, उद्या येता का तुमच्या ओळीत?"

"बस आधी. चहा घे. मंग पाहू."

तो भुईवर बसला. चहात साखर मुद्दाम कमी टाकेल होती, पण त्यानं तो पेला.

"उद्या कोणाले कुठी बसवशीन?" गोजरबाईनं इचारलं.

"मनकर्णाबाई दारापाशी..."

"ओ बाप्पा! दारातून रोड दिसते. दर जीपमधी तिले लेक माहेरी येऊन राह्यली असंच वाटते. हात थांबते तिचा."

"हाव ना," मनकर्णाबाई म्हणाली. "मले आतच बसवा."

"अन् त्या दोघी पोरी लागून नको," सिंधूताई म्हणाली. "बोलणं बंद हाये त्याइचं."

"काऊन?"

"तुमाले काय कराचं? हाये."

"अन् सुवर्णाले उगवतीच्या बाजूले काऊन देतं रे?" गोजरबाई म्हणाली. "ऊन तोंडावर येते, डोये वाहतात तिचे दिवसभर. तुले नाही दिसलं? एकाच घरात राहतं ना?"

देवानंदनं सुवर्णाकडं पाह्यलं. ती रिकामा कप पाहत होती. "तितकं काही नाही," ती म्हणाली.

अंगणात मंग असा डाव मांडला का देवानंद निस्ता ऐकत बसला. कोणाचा गुडघा, कोणाची सासू, कोण कोणासंग गुणगुणलं का हात पळतो. त्याच्या पटावर यातलं एकबी घर नव्हतं.

सकाळी बायाइची जीप भरून आली. गोजरबाई आपल्या ओळीत, पोरी दोन टोकाले, मनकर्णाबाई पार आत. ड्रम देवानंदनं सोता ढकलत नेटच्या मधोमध आणला. ऊन तापायच्या आधी लाल दोरे बांधून झाले. किसनराव येऊन पाहून गेले अन् म्हणे, "काय डोकं हाये बे तुह्यं!" देवानंदनं ड्रमातून गिलास भरला.

सुवर्णा आता मावळतीच्या ओळीत होती. देवानंद पाण्याचा गिलास घेऊन तिच्यापाशी गेला.

"डोये धुऊन घे."

"साऱ्या पाहून राह्यल्या ना," ती हळूच म्हणाली.

"पाहू दे."

"पाह्यलं, पाह्यलं!" मांगून गोजरबाई ओरडली. "अवो, आता हा हिले घरीबी पाणी देते का, ते तेवढं कोणीतरी पाहून या!"

सारं नेट खदखदलं. हात मातर एकीचाबी थांबला नाही.