दहा लाखांना सतरा कमी

७ फेब्रुवारी १९७९, बुधवार. नाचणगाव, सकाळचे आठ. हजर: मामाजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त शिक्षक, शेजारच्या गंगूबाई, आणि यादी घेऊन मी.

पाटीवर पेन्सिल थबकत, थांबत सरकते, तो आवाज मामाजींचा. मोतीबिंदूने दुधाळलेल्या डोळ्यांजवळ पाटी धरून ते माघातल्या कोवळ्या उन्हाकडे किंचित कलून बसत. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीसारखे कोरडे, हलके, तरी ताठ. अंक लिहून झाला की त्यावरून बोट फिरवत, जणू डोळ्यांनी पाहिलेले हाताला पटवून द्यायचे होते.

त्यांनी एक संख्या निवडली होती: ९,९९,९८३. एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कोणी भागते का, एवढेच डोळे पुरते जाण्याआधी त्यांना स्वतःच्या हाताने जाणून घ्यायचे होते. हजाराचा वर्ग दहा लाख. म्हणून हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. त्यांची यादी मी केली. पोळ्याच्या आधी सुरुवात झाली. रोज एक भागाकार. भाग त्यांनी द्यायचा, उलट गुणून पडताळा मी घ्यायचा, आणि यादीत माझी खूण झाल्याशिवाय पाटी पुसायची नाही.

“मास्तर, काऊन त्या आकड्याले रोज कापून राह्यले? का बिघडवलं त्यानं तुमचं?” गंगूबाई विचारत.

“तुटत नाई बाई, म्हणून तर आवडते मले.”

त्या बुधवारी ९९७ ने भागून ९८९ उरले. मी गुणून पाहिले, बरोबर होते.

“सूनबाई, झालं,” मामाजी म्हणाले. “एकानंबी नाई भागली.”

“मंग गूळ तरी वाटा मास्तर, नातू झाल्यावानी बसले!” गंगूबाई म्हणाल्या. मी गूळ आणला. मामाजींच्या चेहऱ्यावर ऊन होते, की ते आतूनच येत होते, हे मला तेव्हा ठरवता आले नाही.

बाविसाव्या दिवशी ते गेले. तेरवी झाल्यावर यादी फाइलला लावण्यापूर्वी, सवयीने, मी ओळी मोजल्या. हजारापर्यंत मूळ संख्या एकशे अडुसष्ट, तेवढ्या हव्या होत्या. एकशे सदुसष्ट भरल्या. पहिल्या पानाच्या तळाशी ४१९, दुसऱ्याच्या माथ्यावर ४३१. पान उलटताना ४२१ माझ्याकडून सुटला होता. मला रडू आले नाही. पट्टी घेऊन मी ४३१ च्या वर, मोकळ्या जागेत, एक ओळ आखली आणि तेरवीची मागून आणलेली भांडी परत करायला गेले.

सहा वर्षे झाली. या काळात घराला रंग दिला, विहिरीवर मोटार बसवली, दोन लग्ने उरकली. त्या सगळ्यांपुढे खुणा आहेत. ४२१ चा भागाकार दोन मिनिटांचा आहे. नेमका भाग गेला, तर त्या सकाळचे त्यांचे समाधान माझ्या चुकीवर उभे होते; नाही गेला, तर ते खरे होते, आणि हे ऐकायला ते नाहीत. गेलेल्या माणसाची जागा काळ हळूहळू भरून काढतो, पण ४३१ च्या वरची ही बोटभर जागा त्याने तशीच ठेवली आहे. तिच्यापुढे खूण करायची राहिली आहे.