धावपट्टीवरची गुढी

दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीत बाल्कनीबाहेर टॉवेल डोकावलेला चालत नाही, तिथे गुढी कुठून चालणार? कमिटीची नोटीस आली तेव्हा आईने ती निमूट वाचली आणि गुढीचं सगळं सामान माझ्या गाडीत भरलं. पाडव्यालाच माझ्या बायकोची, सुखदाची, वैमानिकाच्या परवान्यासाठी चाचणी होती, शहराबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात. तिकडे मोकळी जागा असेल, असं आईचं म्हणणं. कुमुदिनीबाईंचं, म्हणजे आईचं, सगळं आयुष्य आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात गेलं, त्यामुळे मोकळी जागा दिसली की ती आपलीच, अशी त्यांची समजूत आहे.

ही चाचणी याआधी एकदा धुरामुळे पुढे गेली होती, मग धुक्यामुळे. एका विमान कंपनीने सुखदाला बोलावलं होतं, पण महिनाअखेर परवाना हातात असेल तरच. आठवडाभर घरात कुणी मोठ्याने शिंकतही नव्हतं.

क्लबात धावपट्टीच्या कडेला एक रिकामा खांब होता. त्यावर वारा दाखवणारा कापडी मोजा असतो. तो वादळात फाटला आणि गावातल्या शिंप्याकडे शिवायला गेला होता. मॅनेजर चौधरी म्हणाले, खांब खाली ही है, माताजी, लगा लीजिए. मी शिडीवर चढलो. कडुनिंब, गाठी, तांब्या, सगळं यथासांग झालं. पैठणी आईच्या लग्नातली, म्हणून तिने निऱ्यांना वरपासून खालपर्यंत पिना लावायला सांगितल्या आणि खालचं टोक सुतळीने खांबाला करकचून बांधायला लावलं. आमची गुढी कधी हलत नाही, याचा तिला कोण अभिमान. सुखदाने नमस्कार केला. परीक्षक कर्नल राठी यांनी कडुनिंबाचा प्रसाद तोंडात टाकला आणि तसंच वाकडं तोंड घेऊन ते विमानात बसले.

विमान गेलं तेव्हा पान हलत नव्हतं. परत यायच्या सुमारास मात्र धुळीचा वारा सुटला, धावपट्टीला चांगला आडवा. आमच्या कागदी प्लेटा उडाल्या, खुर्च्या उडाल्या. रेडिओवरचा माणूस एसी लावून बंद खोलीत बसला होता. काचेतून त्याने सवयीने खांबाकडे पाहिलं आणि वर विमानात कळवलं की वारा शांत आहे.

सुखदाचं विमान खाली आलं ते तिरकं. एक चाक टेकलं, दुसरं टेकलंच नाही, आणि ते छोटं विमान धावपट्टी सोडून गव्हातून उड्या मारत पलीकडच्या गोवऱ्यांच्या ढिगात नाक खुपसून थांबलं. मी इतका घाबरलो की पळायचं कुठल्या दिशेला तेच सुचेना. पण दोघंही धडधाकट बाहेर आली. कर्नलच्या मिशीत शेणाचा भुगा होता.

मग चौकशी सुरू झाली. राठींची टोपी उडाली. ती पकडायला धावता धावता चौधरी सांगत होते की वारा अधिकृतपणे शांत आहे, चूक मॅडमचीच. राठींनी गुढीकडे बोट दाखवून ती उतरवायला सांगितली. आईने त्यांना ठणकावलं की गुढी सूर्यास्ताला उतरते, त्याआधी कर्नल काय, जनरल आला तरी नाही. बराच वेळ वाद झाला. शेवटी वारा दिसावा म्हणून ती नुसत्या पिना काढू द्यायला तयार झाली. सुनेचा परवाना जात होता ना.

मी पिना काढल्या, सुतळी सोडली. पैठणी ताडकन आडवी झाली, तांब्या खाली आदळला आणि ती काठापासून पदरापर्यंत टर्रकन फाटली.

राठींनी मान डोलावली. मैदानात वारा कळायची सोयच नव्हती, असं ते लिहिणार होते. चाचणी परवा दुसऱ्या विमानावर. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात सुखदा बोलली.

"सर, वारा मला कळला होता. नाक सारखं वळत होतं, पाय सांगत होते. पण आईंची गुढी सरळ उभी दिसली, म्हणून मी पेडलवरचा पाय सोडला."

राठींनी पेन खिशात परत ठेवलं. मग म्हणाले, हे ऐकल्यावर नापासच लिहावं लागेल, तीन महिन्यांनी या. म्हणजे कंपनी गेली. मला तिचा भयंकर राग आला, आणि इतका अभिमान वाटला की रडू फुटायला आलं. गप्प बसायला काय झालं होतं हिला?

आईने फाटका पदर गोळा केला, सुखदाच्या केसांतला भुगा त्यानेच झटकला.

"खाली मी काय वाटेल ते बांधीन गं," ती म्हणाली. "वर गेल्यावर तू माझं ऐकायचं नाहीस."