बहजतचं वजन

गाड्यांच्या सीटा रंगवणाऱ्या उस्ता झैदानने तांदळाचं पोतं ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं, जरा मागे रेलवलं आणि दार लावलं.

"पट्टा लावा त्याला. पोलीस पकडतील," हाज फौझी म्हणाला. जुनी मर्सिडीज त्याची होती. संध्याकाळी तिच्यातून त्याची मुलगी सासरी जायची होती.

झैदान हसला नाही. सीटच्या कातड्याचं काम झकास झालं होतं. जुना रंग पुसून, भेगा भरून, घासून त्याने डोक्याच्या उशीखाली उन्हापासून वाचलेल्या पट्टीवरून मूळचा तपकिरी रंग जुळवला होता. पातळ पातळ हात फवारून वर लॅकर दिलं होतं. राहिली होती फक्त बसणी.

बसणी कैरोच्या त्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे होत नसे. लॅकर वाळलं की झैदानचा मुलगा बहजत गाडीत शिरायचा. जाडीभरडी जीन्स, हत्तीचं वजन. बूड हलवून बसायचा आणि सीटच्या कडेवरून घसरत उतरायचा. भेग पडायची तर इथेच पडू दे, गिऱ्हाइकाकडे नको. एकदा मुलगी बघायला गेले, तेव्हा तिच्या बापाने विचारलं, काय करतोस? बहजत म्हणाला, बसतो. जमत आलेलं लग्न मोडलं. जन्मभर बसलेला हा माणूस उभा राहिला तो पावाच्या रांगेत, आणि तिथेच कोसळला.

त्याच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवसही होऊन गेला. रंगवून झालेल्या गाड्या तेव्हापासून बसणीवाचून गल्लीत उभ्याच होत्या.

"पोतं पुरे झालं की, उस्ता!"

"पोतं बसतं. उतरत नाही."

"मग मी बसतो."

"तुम्ही काडी. तुमच्याने सीटला कळायचंसुद्धा नाही."

"अहो, वरात आहे! नवरीला काय टुकटुक रिक्षात कोंबू?"

झैदानने पोतं उतरवलं आणि स्वतः बसला. उतरला. पुन्हा बसला. लॅकरवर सुरकुतीही उमटेना. मग तो स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला आणि त्याने काच वर केली.

एवढ्यात त्याची बायको इनआम जेवणाचा डबा घेऊन आली. मुलगा गेल्यावर ती पहिल्यांदाच दुकानात येत होती.

"वहिनी, तुम्हीच काढा यांना बाहेर," हाज म्हणाला. "म्हणतात, वजन पुरत नाही."

इनआमने डबा टपावर ठेवला आणि दार उघडलं.

"सीट मागे घ्या."

"कशाला?"

"मला मांडीवर घ्या."

"इनआम, लोक बघतायत."

"बघू देत. आपल्या दोघांएवढा तर होता तो."

हाज फौझी पाठ फिरवून समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघू लागला. आत काही खरेदी करायची असल्यासारखा. मागे कातडं करकरलं. शेवटी दोघं कडेवरून घसरत उतरली. आधी ती, मग तो.

झैदान वाकला. कडेला केसाएवढी भेग पडली होती. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला.

"सापडली," तो म्हणाला. "एक हात मारतो. वरातीआधी वाळेल. पण मग... पुन्हा बसावं लागेल."

इनआमने गल्लीतल्या गाड्यांकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग टपावरचा डबा उघडून कोबीच्या पानांत भरलेला भात त्याच्यापुढे धरला.

"पोटभर खा," ती म्हणाली. "तो याहून जड होता."