खिशातल्या चकत्या

गाएतानोनं शेवटचा बोल्ट आवळला, पान्हा फडक्यावर टाकला आणि उलट्या पेटीवर बसकण मारली. गुडघे ठणकत होते, पाठीचं तर विचारूच नका. उद्याच्या शर्यतीसाठी इंजिन तयार होतं. फक्त त्यातल्या चार चकत्या इंजिनात नव्हत्या, त्याच्या बंडीच्या खिशात होत्या.

गाडी तशी चिमुकली, दोन सिलिंडरची, वयानं जवळपास त्याच्याच बरोबरीची. डोंगर चढून चढून आणि दर हिवाळ्यात घासून घासून तिच्या व्हॉल्व्हच्या बैठका खोल गेल्या होत्या. बैठक खोल गेली की व्हॉल्व्हची दांडी वर सरकते, स्प्रिंगला ऐसपैस जागा मिळते, आणि ऐसपैस बसलेली स्प्रिंग आळशी होते. मग तिच्या बुडाशी पातळ चकती घालायची आणि उंची पुन्हा छत्तीस मिलिमीटरवर आणायची. या कामात गाएतानोचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. केसाएवढा फरक आला तरी तो कपाळाला आठ्या घालून सगळं पुन्हा सोडायचा.

आणि याच माणसानं आज सकाळी चारही स्प्रिंगा चकत्यांशिवाय बसवल्या होत्या.

कारण फीना, त्याची बायको. गेल्या वर्षी लेक लोरेदाना गाडीसकट कठड्यावर आपटली, खुबा मोडून घेतला, आणि कुबड्या सुटल्या न सुटल्या तोच पुन्हा शर्यतीत नाव देऊन आली. फीनानं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी ती नवऱ्याकडे वळली.

"तिचं जाऊ दे. गाडीला हळू कर. ती तरी तुझं ऐकते ना?"

गाएतानोला भांडायचं त्राण नव्हतं, ना बायकोशी, ना लेकीशी. स्प्रिंग ढिली राहिली की वेग वाढल्यावर व्हॉल्व्ह फडफडणार, इंजिन दम सोडणार, पोरगी शेवटून दुसरी येणार. चिडेल, आदळआपट करेल, पण घरी येईल. हिशेब त्याला बिनचूक वाटला.

दुपारी तिघं जेवायला बसली. बाकल्याच्या शेंगांचा पास्ता होता. गाएतानोला शिंक आली म्हणून त्यानं खिशातून रुमाल ओढला, तशा चकत्या खणखणत टेबलावर सांडल्या.

लोरेदानानं एक उचलून बोटांत फिरवली. आठवडाभर संत्र्यांच्या पेट्या उचलून तिचे हात सोलवटले होते.

"पप्पा, या कुठल्या?"

"जुन्या असतील कुठल्यातरी."

"जुन्या? कालच मी मापून तुझ्या हातात दिल्यात."

"मी सांगितलं त्याला," फीना मध्येच म्हणाली. "काय बोलायचं ते मला बोल."

लोरेदाना ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, कबरस्तानाखालच्या वळणावर मी काय करते?"

"तिसऱ्यातून दुसरा टाकतेस."

"मग इंजिनाचं काय होतं?"

गाएतानोच्या हातातला काटा ताटातच राहिला. गिअर खाली आला की इंजिन एकदम किंचाळतं, चढावर जेवढं फिरतं त्याच्या कितीतरी वर जातं. ढिली स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मागे खेचू शकत नाही. पिस्टन येऊन व्हॉल्व्हवर आदळतो, इंजिन जागीच जाम होतं, मागची चाकंही जाम. तेही ऐन वळणात. हे त्यानंच तिला शिकवलं होतं. आज मात्र त्यानं नुसता चढाचा हिशेब केला होता.

"सोय मस्त केली होतीस," ती म्हणाली. "कबरस्तान तिथंच आहे. लांब न्यायला लागलं नसतं."

"जीभ झडो तुझी!" फीनानं छातीवर क्रूस काढला आणि पास्त्याचं भांडं उगाच इकडून तिकडे सरकवलं.

गाएतानोला स्वतःची शरम वाटली. घशाशी आलेलं त्यानं अखेर बोलून टाकलं. "नको जाऊस, पोरी. मला भीती वाटते."

लोरेदानानं हातातली चकती टेबलावर ठेवली.

"हे वर्षभरात एकदा तरी बोलायचंस."

"आता बोलतोय ना."

"ऐकलं. पण मी जाणार. आणि मी माझा जीव तुझ्या मापावर टाकून जाते, पप्पा. दुसऱ्या कुणाच्या नाही. ऊठ."

दोघांनी मिळून इंजिन पुन्हा उघडलं. स्प्रिंगा निघाल्या, चकत्या बुडाशी बसल्या. एकेक दांडी वर धरून गाएतानो उंची मोजत गेला. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दारात फीना हात पुसत उभी होती, हात कधीचे कोरडे झाले होते तरी.

चौथीला त्यानं श्वास रोखला. हा आकडा चुकावा आणि गाडी इथंच राहावी, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. त्यानं पुन्हा मोजलं. आकडा बिनचूक आला.

"किती?" लोरेदानानं विचारलं.

"छत्तीस."

"बरोबर ना?"

दारातून फीना त्याच्याकडेच बघत होती. त्यानं तिकडे पाहिलं नाही.

"बरोबर," तो म्हणाला, आणि लेकीच्या हातातली स्प्रिंग घेऊन जागेवर बसवली.