इटालियन बाईंना हवा होता चॅम्पियन

सुरतजवळच्या कडोदऱ्याला योगराज पाटलांचा साटीनचा छोटा कारखाना आहे. इटलीची एक बाई कापड घ्यायला सुरतेत आली होती, आणि तिच्यापर्यंत पोचायचं कसं या विचाराने त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. शेवटी तिचाच मेसेज आला. सगळा इटालियनमध्ये. त्यांची मुलगी हर्षदा हिने तो फोनवर इंग्रजीत करून घेतला.

"पप्पा, ती म्हणते, उद्या हॉटेलवर तुमचा चॅम्पियन घेऊन या. रुंदी आणि वजन आधी कळवा. डाग असलेला नको."

"चॅम्पियन?"

"काम्पियोने असा शब्द आहे. फोन म्हणतो, चॅम्पियन."

योगराजनी मान हलवली. "म्हणजे आधी कारागीर बघणार, मग माल. परदेशात असंच असतं." परदेश त्यांनी पाहिला नव्हता, पण ठामपणे सांगितलं.

चॅम्पियन कोण, यावर कारखान्यात वाद झालाच नाही. लूमवरचा हिलाल अमळनेरकडच्या जत्रांमधून कुस्त्या मारून आलेला गडी. हर्षदाने त्याची छाती मोजून शेहेचाळीस इंच रुंदी कळवली आणि वजन पंचाण्णव किलो. उत्तर आलं, "रुंदी ठीक. वजन समजलं नाही. पण आणा."

"बघा, पसंत पडला!" योगराज म्हणाले.

डाग नको म्हणून हिलालच्या बायकोने, ताराने, त्याला दगडाने घासून आंघोळ घातली. डोक्याला फेटा बांधून हिलाल मालकांच्या गाडीत मागे बसला, पुढे योगराज आणि हर्षदा. सुरतेत शिरताना पर्वत पाटिया चौकाच्या ट्रॅफिकमध्ये शेजारचे रिक्षावाले नवरदेव समजून त्याच्याकडे बघून हसत होते.

हॉटेलात बाई समोर आल्या. हिलालने वाकून नमस्कार केला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या मागे बघितलं, मग रिकाम्या टेबलाकडे बघितलं. योगराजनी हिलालच्या पाठीवर थाप मारली. "काम्पियोने!"

बाई फोनमध्ये काहीतरी बोलल्या. फोन इंग्रजीत बोलू लागला आणि हर्षदाचा चेहरा उतरला.

"काय म्हणते?" हिलालने विचारलं.

"म्हणते, चॅम्पियन लवकर टेबलावर ठेवा. थोडा कापून बघीन. पाण्यात बुडवीन. मग... कोपऱ्यावर जाळून बघीन."

बाईंनी पर्समधून खरोखरच कात्री काढली. पाठोपाठ लायटर.

हिलाल एका उडीत सोफ्याच्या मागे गेला. आखाड्यात कधी पाठ न दाखवलेला गडी, पण त्याचा आवाज चिरकला. "ताई, मी काय कापड शे का, माले कापाले?"

"कापड!" हर्षदा ओरडलीच. तिने घाईघाईने फोनमध्ये इटालियन-इंग्रजी शब्दकोश उघडला. एका काम्पियोनेचे इंग्रजीत कितीतरी अर्थ. चॅम्पियन. त्याखाली स्पेसिमन. आणि त्याखाली, सॅम्पल.

"पप्पा, तिला साटीनचा नमुना हवा होता!"

योगराजनी सोफ्यामागून डोकावणाऱ्या फेट्याकडे बघितलं. "मग आणलाय की नमुना," ते पुटपुटले.

सगळा घोटाळा कळल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. योगराजनी कारखान्यात फोन केला. तिथला वाल्मिक मोटारसायकलवरून साटीनचा तुकडा घेऊन येईपर्यंत बाईंनी हिलालला कॉफी पाजली आणि फेट्यासकट त्याचा फोटो काढला. तो कॉफी पीत होता, पण नजर कात्रीवर होती. मग बाईंनी कापड कापलं, भिजवलं, जाळून वास घेतला आणि मान डोलावली. पहिली ऑर्डर लहानशीच, पण मिळाली.

परतताना हिलाल पुन्हा मागे बसला. कडोदरा जवळ आल्यावर त्याने विचारलं, "शेठ, कापड पास झालं?"

"झालं रे."

"आन मी?"

हर्षदाने मागे वळून सांगितलं, "तुझा फोटो इटलीला चाललाय, हिलालभाऊ."

हिलालने फेटा सरळ केला. "मग ताराला सांगजा," तो म्हणाला. "जाळायचं मात्र सांगू नका."