शून्यावर आलेलं पाणी

विशाखा गेल्याचा फोन आला तेव्हा अप्पाराव चितेगावच्या कंपनीत सांडपाणी साफ करायच्या हौदावर उभा होता. हातात नमुन्याची बाटली होती. फोन पडेगावच्या शाळेतून होता. विशाखा तिथली प्रयोगशाळा सांभाळायची. कपाट आवरता आवरता छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. अप्पारावनं बाटलीला बूच लावलं, तिच्यावर वेळ लिहिली आणि मग खाली बसला. तीस वर्षांची सवय. बायको गेली अन् आपण वेळ लिहीत होतो, याची त्याला पुढं फार लाज वाटायची.

मुकुंदवाडीच्या घरातून पाहुणे गेल्यावर बैठकीत ती टाकी उरली. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर. विशाखा गाळलेल्या पाण्यात खास मीठ कालवून समुद्र घरीच करायची. चार फुटी काचेच्या टाकीत दोन नारिंगी मासे आणि दगडांवर मऊ प्रवाळ. त्यातल्या सगळ्यात मोठ्याला ती भूछत्र म्हणायची. जाड देठ, वर ताटाएवढी छत्री, आणि छत्रीवर पाण्याबरोबर डोलणारी शेकडो बारीक बोटं. सहा वर्षांपूर्वी तिनं अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, त्याचं हे झालं.

शाळेतल्या सोनिया मॅडमनी पोरांसाठी तशीच टाकी उभी केली होती. भूछत्राचा एक तुकडा पंधरा ऑगस्टनंतर देते, असा विशाखानं त्यांना शब्द दिला होता. ती गेली अकराला.

अप्पारावनं मनाशी धरलं, तिचा शब्द आपण पुरा करायचा. पण त्यासाठी आधी भूछत्र जगायला हवं.

ती होती तोवर टाकीला हात लावू देत नसे. "अवो, तुमची कंपनीची अक्कल गेटवरच ठिवून येत जा. इथं नगं ती," म्हणायची. आता अडवणारं कुणी नव्हतं. अप्पारावनं अक्कल घरी आणली. त्याच्या हौदातून निघालेलं पाणी आरशासारखं असतं, असं साहेबलोक सांगायचे, आणि त्याला त्याचा अभिमान होता. तो दिवसाआड पाणी बदलू लागला. वाळूतला गाळ नळीनं ओढून काढला. फेसाबरोबर घाण वर काढणारा पंप रात्रंदिवस पूर्ण ताकदीवर ठेवला. फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी सोडली. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. महिन्याभरानं तपासणीच्या नळीत नायट्रेट, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, शून्य आलं. गुलाबी छटा म्हणून नाही. अप्पारावनं ती नळी विशाखाच्या फोटोसमोर धरली.

त्याच आठवड्यात भूछत्रानं बोटं आत घेतली.

आधी त्याला वाटलं, कात टाकत असेल. अधूनमधून टाकतं ते. पण दिवसेंदिवस छत्री आक्रसत गेली, रंग उतरला. वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे चढले. त्याला वाटलं, घाण राहिलीय. त्यानं आणखी पाणी बदललं. धागे वाढले.

शेजारची दगडाबाई दारातून डोकावली. "अप्पाराव, टाकी लई चकाचक केली बाबा. पर तुझ्या बायकूची फुलं का रुसली?"

"साफसफाई चालूय, मावशी."

"हं. माझी सासू बी आशीच होती. चूल सारवून सारवून सैपाकच करायची नाय."

अप्पाराव हसला नाही.

दिवाळीला कंपनी चार दिवस बंद झाली. अप्पाराव सुट्टीवर होता, हौदावर संघपाल होता. अप्पारावच्या हाताखाली शिकलेला, पण एकटा पडला की घाबरणारा. दुपारी त्याचा फोन आला.

"दादा, वरून सांडपाणीच येईना. हौदातल्या किड्यांचं काय करू?"

हौदातल्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. कंपनीची घाण तेच खातात. पाणी साफ होतं ते त्यांच्यामुळं. सगळे त्यांना किडेच म्हणत.

"दर दिवाळीला इचारतोस का रे? गूळ कालवून टाक. चिमूटभर युरिया, चिमूटभर डीएपी. उपाशी मारू नको त्यांना. खायला नाय भेटलं तर चांगले मरत्यात अन् नको ते..."

अप्पाराव बोलायचा थांबला. समोर टाकी होती.

"दादा? हॅलो? नको ते काय?"

"नको ते माजतं," अप्पाराव म्हणाला. "मी येडा हाय, संघपाल."

"आता मी काय केलं, दादा?"

"तू नाय रे. ठेव फोन."

त्यानं आधी दाण्यांची पिशवी बाहेर काढली. फेसाचा पंप दिवसातून सहाच तास ठेवला. पाणी बदलणं थांबवलं. माशांना दोन वेळ पोटभर घातलं, वर कोळंबीचा बारीक कीस. गूळ, युरिया मात्र नाही. इथं भूछत्राला खायला माशांची विष्ठाच पुरे. आणि एकदम काही नाही. उपाशी हौदाला एकाच दिवशी जेवण घातलं तर तो बसतो, उरलेले किडेही मरतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अकराव्या दिवशी नळीत गुलाबी छटा आली, दिसेल न दिसेल अशी. अप्पाराव नळी घेऊन दगडाबाईकडं गेला. "मावशी, बघा. घाण आली!" तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि चहा टाकला.

तिसऱ्या आठवड्यात धागे विरले. पाचव्यात भूछत्रानं पातळ साल टाकली, आणि दुसऱ्या दिवशी बोटं बाहेर आली. आधी कडेची, मग सगळी.

जानेवारीत सोनिया मॅडम बघायला आल्या. काचेजवळ वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"दादा, विशाखाताई होत्या तेव्हाही एवढं फुललेलं मी पाहिलं नव्हतं."

"तेव्हा बी फुलायचं," अप्पाराव म्हणाला. पण छाती फुगली ती फुगलीच. मग त्यानं गूळ, किडे, दिवाळी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी फोटोकडं बघून म्हणाला, "कंपनीचीच अक्कल कामाला आली, मॅडम. ही हसली असती."

"शाळेची टाकी तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला जमेल तेव्हा."

कापायची रीत त्याला माहीत आहे. नवं पातं, एकच सरळ काप, तुकडा लहान दगडावर दोऱ्यानं बांधायचा. पातं आणलंय, दगडही धुऊन ठेवलाय. नळीत नायट्रेट पाच आहे, हवं तेवढंच. फेब्रुवारी लागला. रोज तो पातं उचलतो, डोलणारी बोटं बघतो आणि पातं परत ठेवतो. शाळेचा तुकडा अजून कापायचा राहिला आहे.