बांगड्यावर पोसलेला चोकिमारू

शिगेओने झारिगानी मारण्यात हयात घालवली होती आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. वाटायचं कारणही नव्हतं. लाल पाठीचा, दोन नांग्यांचा, शेवंडीचा धाकटा चुलतभाऊ शोभेल असा हा प्राणी. कमळाच्या शेतात शिरला की कोवळे कोंब कुरतडतो, बांधाला भोकं पाडतो आणि तुमच्या शेतातलं पाणी परस्पर शेजाऱ्याला देऊन टाकतो. सरोवराकाठच्या त्या गावात सगळे कमळकाकडीवर जगत. त्यामुळे रोज सकाळी पिंजरे उचलायचे, बांधावर उपडे करायचे आणि रबरी बुटांनी काम उरकायचं, हा शिरस्ता होता. शिगेओ तर गावच्या झारिगानी-निर्मूलन पथकाचा म्होरक्या. पथकाची हिरवी टोपी त्याच्या दाराशी खुंटीवर टांगलेली असे.

मागच्या ओबोनला मात्र सगळं बिनसलं.

ओबोनच्या दिवसांत पितर घरी येतात, आणि शिगेओकडे त्यांच्याबरोबर नातही येई. कोनात्सु तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या आईवडिलांचा काडीमोड झालेला. शिगेओचा मुलगा ओसाकाला निघून गेला, त्याने दुसरा संसार थाटला आणि फोन करायचंही हळूहळू सोडून दिलं. इकुए आता कागदोपत्री सून राहिली नव्हती. तरी दर उन्हाळ्यात ती मुलीला गाडीत घालून आणायची. हा निव्वळ तिचा चांगुलपणा होता. हक्काने मागावं असं म्हाताऱ्या-म्हातारीकडे काहीच उरलं नव्हतं, आणि दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

कोनात्सुकडे खिशात मावणारा एक गेम होता. गवतात, पाण्यात फिरून राक्षस पकडायचे आणि त्यांना वाढवायचं. आग ओकणारे होते, पंखवाले होते, गोंडस तर ढिगाने होते. पण हिचा जीव चोकिमारू नावाच्या नांगीवाल्यावर. कुठल्याही घाण पाण्यात नेऊन टाका, तो तग धरतो आणि आपल्याहून दसपट मोठ्याच्या अंगावर धावून जातो, हे वर्णन ती घडाघडा म्हणून दाखवी.

त्या उन्हाळ्यात तिने दोऱ्याला सुक्या माकुळाचा तुकडा बांधून चरातून एक खराखुरा चोकिमारू काढला. त्याला एकच नांगी होती, दुसरी कुठल्याशा मारामारीत गेलेली. दिवसभर तो बादलीत राहिला. संध्याकाळी कलिंगड खायला हाक आली तेव्हा, त्याला आपल्या घरी झोप लागेल म्हणून, तिने त्याला परत चरात सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली घेऊन बांधावर आली तेव्हा शिगेओ शिरस्त्याप्रमाणे पिंजरे उपडे करून बूट चालवत होता.

पोरगी ओरडली नाही की रडली नाही. बादली खाली ठेवली, घरी आली, हात धुतले आणि जाऊन गाडीत बसली. दुपारी त्या निघून गेल्या. नवीन वर्षाला शिगेओच्या बायकोने, तोमिकोने, फोन केला तेव्हा इकुए अवघडून म्हणाली, "आई, ती यायला तयार नाहीये. मी ओढून आणू शकत नाही ना."

तोमिकोने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"पन्नास वर्षं सांगतेय, पायाखाली बघून चाला."

"मला काय माहीत तो तिचा होता?"

"एका नांगीचा होता, अहो! दिसला नाही?"

दिसला होता. तेच तर होतं. सगळे झारिगानी मागे सरकत होते आणि हा एकटा, असलेली एक नांगी उगारून, शिगेओच्या बुटावर चालून आला होता. शिगेओला तेव्हा गंमतही वाटली होती, आणि मग त्याने पाय ठेवला. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं.

उपाय सुचवला ओनुमाने. ओनुमा शेजारी, पथकातला दुसऱ्या नंबरचा माणूस आणि तोंडाचा फाटका. तोमिकोकडून त्याला कळलं होतं की कोनात्सुच्या गेममधला चोकिमारू निळा आहे. तसे सगळे लालच असतात. निळा हजारांत एखादा निघतो, आणि पोरीने त्यासाठी महिनोन् महिने एकाच डबक्यात येरझाऱ्या घातल्या होत्या.

"निळा पाहिजे? मग बांगडा घाल त्याला," ओनुमा म्हणाला. "नुसता बांगडा. पाला नाही, गाजर नाही, काही नाही. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत केला होता आम्ही प्रयोग. कात टाकेल तसतसा लाल रंग उतरत जातो."

"आणि तुझा झाला होता निळा?"

"माझा मांजराने खाल्ला. पण मांजर काही निळं झालं नाही."

शिगेओने चरातून बोटाच्या पेराएवढं एक पिल्लू उचलून आणलं. जुन्या काचेच्या टाकीत वाळू घातली, कौलाचा तुकडा घातला आणि टाकी थेट बैठकीत, खाली शेगडी असलेल्या गरम टेबलाशेजारी ठेवली. टोपीची खुंटी रिकामी करून तिथे पाणी बदलायची नळी टांगली. तोमिको बघत राहिली.

घरात बांगड्याचं राज्य सुरू झालं. बांगडा उकडायचा, काटे काढायचे, चिमूटभर टाकीत आणि उरलेला ताटात. भाजलेला बांगडा, मिसोतला बांगडा, आंबवलेला बांगडा. शिवाय पोटाकडचा मऊ तुकडा आधी टाकीत जाई.

"लग्न झाल्यापासून हा तुकडा माझ्या ताटात कधी वाढला नाहीत," तोमिको म्हणाली.

"तुला निळं व्हायचंय का?"

"तुमच्या घरात काळी-निळी व्हायची तेवढी होऊन झाले मी."

थंडी सरता सरता एका सकाळी टाकीत तो उताणा पडलेला दिसला. पाय, मिशा, नांग्या, सगळं जागच्या जागी, आणि हालचाल नाही. शिगेओने काठीने ढोसलं. तो अंग सोडून दिल्यासारखा वाहत बाजूला गेला. शिगेओ तिथेच मांडी घालून बसला. गड्याने हजारो मारले होते, पण या एकासाठी त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्याने वर्तमानपत्राचा कागद घेतला आणि मयत गुंडाळायला टाकीत हात घातला. हातात आलं ते फोलपट. आत काहीच नव्हतं.

"मेलाय कुठे, कपडे बदललेत त्याने," तोमिको टाकीला नाक लावून म्हणाली. "तो बघा, कौलाखाली लाजून बसलाय."

कौलाखालून दोन मिशा बाहेर आल्या. अंग अजून मऊ होतं, आणि रंग धुऊन धुऊन विटलेल्या निळ्या सदऱ्यासारखा. आयुष्यभर झारिगानी मारणाऱ्या माणसाने एकालाही कधी वाढताना पाहिलं नव्हतं. शिगेओने त्या दिवशी पोटाकडचे दोन तुकडे घातले.

बातमी अर्थातच गावभर झाली. निर्मूलन पथकाचा म्होरक्या घरात झारिगानी पोसतो, आणि तोही बैठकीत! जूनमध्ये पथकाची मोठी मोहीम निघाली. नगरपालिकेतून आलेल्या तरुण बाईंनी कामाला सुरुवात करण्याआधी सगळ्यांना नियम समजावले. विकायचा नाही. बाहेर सोडायचा नाही. घरी पाळायला हरकत नाही, पण एकदा घरात घेतला की मरेपर्यंत सांभाळायचा.

"मध्येच कंटाळा आला तर?" ओनुमाने मागून विचारलं.

"कंटाळा आला तरी सोडता येत नाही. कायदा आहे."

"ऐकलंस का शिगेओ? कायद्याने बांधला गेलास, लेका! आता बांगडा घालता घालता म्हातारा होशील."

"म्हातारा तर झालोच आहे," शिगेओ म्हणाला, आणि टोपी घालून चरात उतरला. त्या दिवशी सगळ्यात जास्त झारिगानी त्यानेच काढले. शेत ते शेत.

जुलैअखेर टाकीतला झारिगानी चांगला निळा झाला. तोमिकोने फोटो काढून इकुएला पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं. 'जाता जाता तासभर येऊन जातो. राहायचं मात्र नक्की नाही, ती म्हणेल तसं.'

तोमिकोने पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घातल्या, मग उगीच दृष्ट लागायला नको म्हणून लगेच आत घेतल्या. संध्याकाळी नवऱ्याजवळ येऊन बसली.

"एक सांगू? त्यांच्या नांग्या परत उगवतात ना?"

"कात टाकताना उगवतात. मग?"

"मग काय, मग. सांगा तिला, हाच तो. पिंजऱ्यातून निसटला, तुम्ही शोधून आणलात, नांगी उगवली, रंग आला. कोण विचारायला येतंय? पोरीचा जीव शांत होईल, आणि ती राहील."

 शिगेओला बायकोचं म्हणणं पटत होतं, हीच पंचाईत होती.

ठरल्या दिवशी दुपारी गाडी अंगणात आली. इकुए उतरली, कोनात्सु उतरली. पिशव्या गाडीतच राहिल्या, हे शिगेओने सगळ्यात आधी पाहिलं. पोरगी वीतभर उंच झाली होती. तिने वाकून नमस्कार केला, तोही परक्या घरी करतात तसा.

"ये बाळा, ये. तुला काहीतरी दाखवायचंय," तोमिको म्हणाली.

कोनात्सु टाकीसमोर गुडघ्यांवर बसली. चोकिमारू कौलावर चढून उभा होता आणि बघ्यांची गर्दी पाहून त्याने दोन्ही निळ्या नांग्या उगारल्या. पोरीचं तोंड उघडं राहिलं. कितीतरी वेळ ती तशीच बसली. मग मागे न बघता तिने विचारलं, "आजोबा, हा तोच आहे का?"

तोमिको खोकली. इकुएने शिगेओकडे पाहिलं. हो म्हणाला असता तर तिनेही मान डोलावली असती, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही," शिगेओ म्हणाला. "तो मी मारला. तुझा आहे हे मला माहीत नव्हतं, पण मारला मीच. हा दुसरा आहे."

तोमिकोने कपाळाला हात लावला. बाहेर किडे कर्कश ओरडत होते. कोनात्सुची पाठ हलली नाही. शिगेओला वाटलं, आता ही उठेल, हात धुईल आणि गाडीत जाऊन बसेल. संपलं सगळं.

"तो घाबरला होता का?"

"कोण?"

"चोकिमारू. तुम्हाला."

"अजिबात नाही. बाकीचे पळत होते. तो एकटा माझ्या बुटावर चालून आला, एका नांगीने. असा." शिगेओने मूठ वर करून दाखवली. "असला जिगरबाज मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही."

पोरगी वळली. डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तो तसाच आहे." मग नाक पुसून पुन्हा टाकीकडे वळली. "बाकीच्यांना अजून मारता?"

"मारतो. नाही मारले तर कमळं राहत नाहीत."

तिने यावर विचार केला. पटल्याचं दिसलं नाही, पण भांडलीही नाही.

"मग याला चरात सोडायचा नाही. तुम्हीच माराल."

"सोडताच येत नाही. एकदा घरात घेतला की घेतला. मरेपर्यंत सांभाळायचा, मध्येच टाकायचा नाही. कायदा आहे तसा."

"खरंच आहे असा कायदा?"

"नगरपालिकेच्या बाई सांगून गेल्या. ओनुमाला विचार."

कोनात्सुने आईकडे पाहिलं. "आपल्या इमारतीत ठेवता येईल?"

"नाही गं. आपल्याकडे साधं मांजर चालत नाही."

"म्हणजे हा इथेच राहणार." पोरगी बोटाने काचेवर हळूच टकटक करत हिशेब जुळवत होती. "आणि आजोबांनी सांभाळायला घेतलाय, पण आणलाय माझ्यासाठी. म्हणजे अर्धा माझा. मग मलाही मध्येच टाकता येणार नाही. दर वर्षी यावं लागेल, आई."

इकुएने हातातली गाडीची किल्ली उलटीपालटी केली.

"कायदा आहे," कोनात्सुने तिला समजावलं.

 शिगेओ पाणी बदलायची नळी उगाच सरळ करत बसला. तोमिको आत पळाली, आणि गाद्या धपाधप पडल्याचा आवाज आला. इकुए उभी राहिली, चपला घातल्या आणि गाडीतून पिशव्या काढायला अंगणात गेली.

"आजोबा," कोनात्सु म्हणाली, "याला भूक लागलीय. काय खातो हा?"